दुसऱ्या खोलीतली ऊब

उन्हाळ्याच्या पहिल्या दुपारी मास्तरांनी हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या हीट पंपाकडे गारवा मागितला, तर तो ढिम्म. त्यांनी जाळी धुतली, बाहेरच्या पंख्यापाशी साचलेला पाला काढला, मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा लावला. दिवा लुकलुकला, वारं काही येईना. शेवटी त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"काका, दुसऱ्या खोलीतलं गरमवर आहे का? बाहेरचं मशिन एकच. एकीला ऊब देत असेल, तर दुसरीला गारवा मिळत नाही."

"दुसऱ्या खोलीत कोणी नसतं."

"तरी बघून या."

बायको थंडीत गेली, तेव्हापासून तिच्या खोलीचं दार बंद होतं. हवेवरून दोघांचं जन्मात पटलं नाही. "तुम्हाला बर्फाच्या कारखान्यातच नोकरी हवी होती," असं ती म्हणायची. मास्तरांनी दार लोटलं, तशी ऊब अंगावर आली, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. उशाशी रिमोट होता. त्यावर तिनेच लावलेले तीस अंश.

"सापडलं का, काका?"

"सापडलं. करतो बंद."

पण फोन ठेवून ते पलंगावर बसून राहिले. सदरा घामाने पाठीला चिकटला. मग उठून त्यांनी तिची शाल पलंगावर नीट पसरली, कडा खोचल्या आणि बटण दाबलं.

जरा वेळाने त्यांच्या खोलीत गार वारं सुटलं. इतक्या वर्षांचा वाद मास्तर जिंकले होते. टोमणा मारायला मात्र समोर कोणी नव्हतं.