पिनचं लॉक

सरावाच्या फेरीत, वळणातून बाहेर पडताना सुनेच्या स्कूटरचं मागचं चाक एकदम जाम झालं आणि ती गाडीसकट गवतात गेली. तिचं खरचटण्यावर निभावलं, इंजिनाचं मात्र नाही. ऑइल कमी पडून पिस्टन तापला होता आणि सिलिंडरला चिकटून बसला होता.

"इंजिन आपण घरीच दुरुस्त करू," सासरे म्हणाले. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत घरभर फिरायचे. मुलाला दुचाकीवर बसायचीही भीती आणि सून हौशी शर्यतींत पळणारी, हे त्यांना देवाने उशिरा का होईना, पण न्याय केल्यासारखं वाटे.

मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर इंजिन उघडलं गेलं. "पाण्यालासुद्धा ऑइलचा वास येतोय," सासूबाई कुरकुरल्या, पण जुन्या चादरी फाडून चिंध्या त्यांनीच आणून दिल्या.

सिलिंडर आतून कापून, बोअर करून आला, त्याच्या मापाचा नवा पिस्टन आला. सासऱ्यांचा उजवा हात हल्ली थरथरायचा. घरात सगळ्यांना ते दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं. सून त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची.

पिस्टनमधली पिन जागेवर धरायला दोन्ही टोकांना, खाचेत, तारेची बारीक कडी बसते, तिला ते लॉक म्हणत. एका बाजूचं बसलं. दुसरं चिमट्यातून दोनदा निसटलं.

"मी बसवू का, मामंजी?"

"मी काय मेलोय?"

ती चिंधीने सिलिंडर पुसायला लागली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बसलं."

शर्यतीच्या दिवशी सकाळी स्कूटर टेम्पोत चढवायला ती दोरी सोडवत होती. सासरे दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल.

"थांब. इंजिन उघड."

"आत्ता? शर्यत चुकेल."

"चुकू दे. ते लॉक खाचेत बसलंय की नुसतं टेकलंय, मला कळलं नाही. बोटांना कळेना झालंय. आणि मी तुला बसलं म्हणून सांगितलं."

तिने हेल्मेट खाली ठेवलं. दोघांनी सिलिंडर ओढून काढला. लॉकचं एक टोक खाचेबाहेर आलेलं होतं. भर वेगात ते निसटलं असतं, तर या वेळी खरचटण्यावर भागलं नसतं. सासऱ्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"पोरी, माझ्या अहंकारापायी..."

"मला त्या दिवशीच शंका आली होती," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

ते एकदम चिडले. "वाईट वाटलं असतं तर वाटू द्यायचं होतंस! तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो?"

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच थरथरता.

मग तिने लॉक बसवलं. ते शेजारून सांगत होते, "लॉकचं तोंड खाली घे. अंगठ्याने दाब. आता फिरवून बघ."

पुढच्या शर्यतीत ती मधल्याच कुठल्यातरी नंबरात आली. घामेघूम होऊन कुंपणाशी पोहोचली तेव्हा सासरे तिथेच उभे होते.

"त्या वळणावर वेग कमी केलास?"

"हो. भीती वाटली."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि तिच्या हातातलं हेल्मेट त्यांनी स्वतःकडे घेतलं.