कापसाची दाढी

तानाबाई कधी खोटं बोलत नसे, आणि याचा घरच्यांना बराच ताप होता. रत्नदीपला पाच वर्षं पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आंजीहून वर्ध्याला येताना तिनं एसटीच्या कंडक्टरला स्वतःहून हाक मारली होती, "भाऊ, याचं अर्धं तिकीट फाडा, काल पाच पुरे झाले." कंडक्टरसुद्धा गडबडला. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवावी, कशी झाली विचारावं, आणि तानाबाईनं तोंडावर "खारट" म्हणावं, असा सगळा कारभार. बोरगाव मेघेच्या विहारात त्रिशरण-पंचशील तीच म्हणायला घेई. ती एक ओळ म्हणे, बाकीच्या बायका मागून म्हणत. चौथ्या शीलाशी आली की तिचा आवाज जरा चढे. ते शील खोटं न बोलण्याचं. मागच्या बायका पदराआड हसत, पण मनात म्हणत, हिला शोभतं बुवा.

असं हे सरळ बाईमाणूस. तिच्यावर गेल्या पंचवीस डिसेंबरला आभाळ कोसळलं. तिचा एकुलता एक मुलगा गेला.

त्या दिवशी रत्नदीपच्या लेकीचा, मयुरीचा, पाचवा वाढदिवस होता. पोरीचा जन्मच नाताळचा. रत्नदीप म्हणायचा, "बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली त्याच दिवशी माही लेक झाली, वरून सांताबी येते. हिचे तं तीन तीन सण." त्यानं वर्ध्याच्या दुकानातून सांताचा लाल ड्रेस भाड्यानं आणला, अंगात घालून घरभर नाचला. मयुरीनं कमरेवर हात ठेवून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, दाढी कुठं हाय? बिनदाढीचा सांता कुठं रायते का?" दुकानदार दाढी द्यायला विसरला होता. रत्नदीप हसत हसत गाडी काढून परत गेला. येताना एका ट्रकनं त्याला उडवलं. दाढी डिक्कीत सापडली, पुड्यात होती तशीच.

बसायला आलेल्या बायका हळहळल्या. घरात गादीसाठी पिंजून आणलेला कापूस पडला होता, त्याची दाढी नसती का झाली, असं म्हणाल्या. बायका बोलतातच. दुःखाच्या घरात गप्प बसणं फार थोड्यांना जमतं.

आता पुन्हा डिसेंबर आला. रत्नदीपचा पहिला स्मृतिदिन आणि मयुरीचा सहावा वाढदिवस एकाच दिवशी. भावना, तानाबाईची सून, एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती. एका संध्याकाळी डबा धुता धुता ती म्हणाली, "आई, मी मयुरीचा बड्डे करणार आहे. सांतावालाच. गेल्या वर्षी यायचा होता तसा."

तानाबाईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. "माह्या पोराच्या फोटोसमोर फुगे बांधतं काय?"

"फोटोच्या बाजूनं बांधीन. पन बांधीन." भावनानं नळ बंद केला. "आई, पोरीले जन्माची तारीख एकच भेटली. ती काई आपल्याले बदलवता येत नाई. ती साठ वर्षांची झाली तरी त्या दिवशी रडतच बसन काय?"

पोळी करपली. तानाबाई त्या संध्याकाळी जेवली नाही, सुनेशी बोललीही नाही. पण खऱ्याला खरं म्हणायची तिची सवय, ती काय स्वतःपुरती सुटणार? सकाळी चहा देताना तिनं सांगून टाकलं, "कर. पन पहिले वंदना, मंग केक."

भावनानं तयारी सुरू केली. अंगणातल्या मोरपंखीच्या झाडाला लायटिंग करायची, दारावर कागदाची चांदणी, लाल-पांढरे फुगे, वर्गातली पोरं. रोज संध्याकाळी ती काहीतरी घेऊन यायची आणि मयुरीला दाखवायची. मयुरी बघायची, मान हलवायची.

"केक कोणता आणू, बेटा?"

"कोनताबी."

"फ्रॉक?"

"हाय तो चालते."

ही पोर वर्षभर अशीच होती. आधी बाजारात लोळण घेणारी, फुग्यावाल्यामागं धावणारी मयुरी बाप गेल्यापासून कशालाच हट्ट करत नव्हती. सगळे तिचं कौतुक करत. विहारात तानाबाईनंच चार बायकांत सांगितलं होतं, "बाप गेल्यापासून एक गोष्ट मांगतली नाई पोरीनं. लय शहाणी झाली." सांगताना तिला अभिमान वाटला होता. तोच पुढं तिला कायम खात राहिला.

भावनानं सांताची लाल टोपी आणली आणि दुसऱ्याच दिवशी ती हरवली. सगळं घर पालथं घातलं. शेवटी दळण काढायला तानाबाईनं गव्हाच्या डब्यात हात घातला, तर तळाशी मऊ काहीतरी लागलं. टोपी. डब्यात आपोआप तर गेली नसणार.

दुपारी अंगणात उन्हाला बसून आजी-नात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. भावना कामावर होती. तानाबाईनं टोपी झटकून मांडीवर ठेवली.

"गव्हात काऊन लपवली वं?"

मयुरी शेंगच सोलत राहिली. "मले बड्डे नाई पायजे."

"काऊन नाई पायजे?"

"मी काई मांगलं का मंग कोनी मरते."

तानाबाईच्या हातातली शेंग खाली पडली.

"असं कोन म्हणलं तुले?"

"शोभाआजी म्हणे. तवा सगळ्या बसल्या होत्या ना, मी पलंगामागं होती. ती म्हणे, लेकराचा हट्ट नडला. मी दाढी मांगली म्हणून पप्पा गेले. आता मी काईच नाई मांगत. नाई तं आई जाईन."

पोरीनं हे रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती पाढे म्हटल्यासारखं सांगत होती. वर्षभर ज्याला आपण शहाणपण म्हणालो ते भय होतं, आणि एवढुसं लेकरू ते एकटंच घेऊन झोपत होतं, उठत होतं, शाळेत जात होतं. तानाबाईला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिनं आधी खरं तेच सांगितलं. "बाई, ट्रकवाल्याची चूक होती ते. तो दारू पेलेला होता."

"पन दाढी नसती मांगली तं पप्पा गेलेच नसते ना? मंग ट्रक भेटलाच नसता."

पोरीचा हिशेब बिनचूक होता. खरं बोलून तो मोडत नव्हता. तानाबाई आजवर ज्या खऱ्यावर भार टाकून चालली, तेच खरं आता पोरीच्या छातीवर बसलं होतं.

तिनं टोपीवरचा एक गव्हाचा दाणा काढला. मग म्हणाली, "पप्पा दाढीसाठी नव्हता गेला. म्या धाडलंतं त्याले."

मयुरीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू?"

"माह्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. म्या म्हणलं, आताच जा, घेऊन ये. जाऊनच राह्यला तं दाढीबी घेतो म्हणे. दाढी नसती तरी तो गेलाच असता."

"खरं?"

"तुही आजी कधी खोटं बोलली काय?"

मयुरीनं विचार केला. आजी कधीच खोटं बोलली नव्हती. साऱ्या बोरगावाला ते ठाऊक होतं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, मग कपाळावर एक आठी आली.

"मंग तुह्यापायी गेले पप्पा?"

"हो. माह्यापायी."

पोर उठली. शेंगांच्या टरफलांवरून चालत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. "पन आजी, गोळ्या तं लागतेच ना. तू काई मुद्दाम नाई धाडलं." आणि तिनं मोठ्या माणसासारखं आजीच्या पाठीवर थोपटलं.

तानाबाई तिथंच, उन्हात, ढसाढसा रडली. मयुरीही रडली. रत्नदीप गेल्यापासून पोर पहिल्यांदाच अशी रडत होती. डोळे पुसून झाल्यावर तिनं टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "मले केक चॉकलेटचा पायजे. अन सांता पायजे. दाढीवाला."

संध्याकाळी भावना घरी आली तेव्हा मयुरीनं दारातच तिला सगळं सांगितलं, गोळ्यांचंसुद्धा. भावना स्वयंपाकघरात आली.

"आई, त्या दिवशी तुमच्या गोळ्या मीच डब्यात भरल्या होत्या. महिनाभराच्या."

"माहीत हाय मले," तानाबाई म्हणाली. "तू गप राह्यजो."

भावना वाकली आणि सासूच्या पायांना हात लावून तशीच बसून राहिली.

पण एकदा बोललेलं खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. मयुरीनं ते आनंदानं गल्लीभर सांगितलं. दोन दिवसांत गल्लीतली शोभाबाई आली. "अवं तानाबाई, तुमी धाडलंतं म्हणे गोळ्यांसाठी? कधी बोलल्या नाई." तानाबाई "हो" म्हणाली. विहारात ती शिरली की आता बोलणं थांबू लागलं. म्हातारीच्या गोळ्यांपायी तरणाताठा पोरगा गेला, हे तिच्या कानावर येत होतं. तिनं कुणाला अडवलं नाही. लेकरावर बोलत होत्या, त्या आता आपल्यावर बोलतात, एवढंच तिला हवं होतं. रोज दुपारी ती गादीतला कापूस काढून पांढऱ्या फडक्यावर टाके घालत बसे. सांता कोण होणार हे मयुरीनंच ठरवून टाकलं होतं.

पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी मोरपंखीवर दिवे लागले. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, बाजूला हार घातलेला रत्नदीपचा फोटो, त्याच्याही बाजूला फुगे. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या, शोभाबाई पुढेच. त्यांच्यात वर्गातली पोरं दाटीवाटीनं शिरली होती. मयुरी लाल टोपी घालून आजीला चिकटून बसली. तानाबाईनं मेणबत्ती लावली, हात जोडले. मांडीपाशी कापसाची दाढी ठेवलेली होती.

तिनं त्रिशरण म्हटलं. मग पंचशील घेतलं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. बायका मागून म्हणत होत्या.

चौथ्याला तानाबाई थांबली.

खोली वाट पाहू लागली. भावनानं मान खाली घातली. आयुष्यभर सगळ्यांत मोठ्यानं म्हटलेली ती ओळ तानाबाईच्या ओठांवर होती, आणि त्या तसबिरींसमोर, त्या फोटोसमोर ती तिला म्हणवत नव्हती. आजवर जे होतं ते एवढंच होतं तिच्याजवळ. ते देऊन टाकलं होतं.

मयुरीनं तिच्या पदराला ओढलं. आजी विसरली असं तिला वाटलं. ती कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, मुसावादा." आजी तरी बोलेना. मग मयुरी ताठ बसली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात स्वतःच म्हणाली, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि."

साऱ्या बायकांनी तिच्या मागून म्हटलं. शोभाबाई तेवढी म्हणायची राहिली. ती तानाबाईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत होती. पाहता पाहता तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी नेला आणि डोळे खाली केले.

तानाबाईनं पाचवं शील म्हटलं. वंदना संपवली, मुलाच्या फोटोसमोर डोकं टेकवलं. मग पांढऱ्या लुगड्यावर कापसाची दाढी बांधली, आणि पोरं टाळ्या पिटू लागली.