‘पास’च्या पुढचा शब्द

प्रिया परतूरहून रेल्वेनं जालन्याला इंग्रजीच्या क्लासला जायची. त्या आठवड्यात सरांनी ‘पास’ हे क्रियापद घेतलं होतं. शब्द साधाच, पण त्याच्यापुढं काय लागतं त्यावर अर्थ पार फिरायचा. ‘पास बाय’ म्हणजे जवळून जाणं. ‘पास अवे’ म्हणजे वारणं. ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, असं सर म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला. आपल्याकडं पोरं कॉलेजातून पास आउट होतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

रविवारी दुपारी ती तेच घोकत बसली होती. तिचा मोठा भाऊ मिथुन मस्कतला वेल्डर होता. त्याचा फोन आला म्हणून आईनं, केशरबाईंनी, हात पुसत तो घेतला, आणि लगेच लेकीपुढं धरला.

“आपला मिथुन न्हाई. दुसरंच कोणी बोलून राह्यलं.”

प्रियानं कानाला लावला. साइटवरचा सुपरवायझर होता. मागं यंत्रांची घरघर, आणि तो घाईघाईनं इंग्रजीत बोलत होता. “सिस्टर? मिथुन... मिथुन पास्ड...”

फोन कटला.

“पास म्हणला ना?” केशरबाईंचा चेहरा उजळला. “म्या ऐकलं. वेल्डिंगची टेस्ट हाय म्हणला होता पोरगा. पास झाला व्हय! थांब, शेजारच्या झुंबरबाईला सांगून येते.”

“माय, जाऊ नको!”

आवाज इतका मोठा निघाला की केशरबाई दारातच थबकल्या. “काय झालं गं?”

“काही न्हाई. नीट ऐकू न्हाई आलं. पक्कं कळल्यावर सांग.”

ती गच्चीवर पळाली, तिथं रेंज चांगली असायची. फोन लावला. लागेना. परत लावला. पास आउट की पास अवे? टेस्ट पास झाला असता तर मिथुननं स्वतःच फोन केला असता, ओरडून सांगितलं असतं. दुसऱ्या माणसानं त्याच्या फोनवरून का सांगावं? ऊन तापलेलं आणि ती अनवाणी, तरी पायांना चटका जाणवत नव्हता.

पाऊण तासानं एकदाचा लागला.

“सर, आउट ऑर अवे?” ती जवळजवळ ओरडलीच. “मिथुन पास्ड आउट ऑर अवे?”

पलीकडं तो माणूस गोंधळला. “अवे? यस, यस. दे टुक हिम अवे. अँब्युलन्स.”

प्रिया कठड्याला धरून खाली बसली. अवे म्हणाला. पण अँब्युलन्सही म्हणाला. वारलेल्या माणसालासुद्धा अँब्युलन्समधूनच नेतात. आता तिला कोणतंच क्रियापद नको होतं. तिनं एकेक शब्द सुटा केला.

“सर. मिथुन. ब्रीदिंग?”

“यस! ब्रीदिंग. ही केम टू.”

“केम? व्हेअर?”

“नो, नो. आइज ओपन. टॉकिंग. हीट, सिस्टर. टू मच हीट. आय अॅम हिअर, इन हॉस्पिटल. वेट.”

डोळे उघडे. बोलतोय. म्हणजे ‘केम टू’ म्हणजे शुद्धीवर आला. तिला रडू फुटलं, पण तिनं ओठ दाबून धरले. त्याचा आवाज ऐकल्याबिगर तिचा विश्वास बसणार नव्हता. फोनमध्ये पावलं वाजली, दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी दुसऱ्याच भाषेत काही बोललं.

“प्रिया?” आवाज खोल गेलेला, घसा कोरडा पडलेला. पण मिथुनचाच.

“दादा!”

“रडू नको. चक्कर आल्ती उन्हानं. सलाईन लावलंय, आता बराबर हाय. मायला बिलकुल सांगू नको, घाबरंल ती.”

प्रियानं मान वर केली. केशरबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. कधी आल्या, कळलंच नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीला अशी खाली बसलेली पाहून त्यांना बरंच काही कळलं होतं. त्यांनी काही न विचारता फोन घेतला.

“सकाळधरनं पाणी किती पेलास?”

“माय? तू?” मिथुन दचकला.

“मी इचारून राह्यले, मिथुन. पाणी किती पेलास?”

“थोडं... थोडंच पेलो, माय,” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

“रड,” केशरबाई म्हणाल्या, आणि लेकीशेजारी तापल्या फरशीवर बसल्या. “रड बाबा. मी ऐकून राह्यले.”