शेवटची धार

डेअरीच्या ओट्यावर सकाळी सव्वासहाला एकतीस किटल्या होत्या. प्रत्येकीत पाच लिटर, म्हणजे एकूण एकशे पंचावन्न. माशा अकरा, त्यातली एक दुधात पडलेली, ती वेगळी मोजली. फॅट चार पॉइंट दोन.

रामनाथनं आकडा वहीत उतरवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बी.एस्सी. केमिस्ट्री, दुसरा वर्ग. येडगावच्या दूध संस्थेत दुधातली फॅट मोजायची नोकरी. पँटीला ॲसिडची सात भोकं.

कार्तिकात दूध वाढलं तसा सरकारनं कोटा लावला. सभासदामागं सकाळचं पाचच लिटर, भाव फॅटवर. त्याच आठवड्यात रामनाथनं घरोघर खनिज पावडरीच्या पुड्या वाटल्या होत्या. गायीला रोज तीस ग्रॅम. महिन्याभरात साडेतीनची फॅट चारच्या वर गेली. त्यानं आलेख काढला, वर अर्ज जोडला: आमच्या दुधाचा दर्जा शास्त्रीय उपायांनी वाढला आहे, तरी संस्थेला दूध थंड करायची टाकी मिळावी. टाकी आली की संध्याकाळचं दूधही घेता येणार होतं. एरवी ते रातभरात नासायचं. दूध खात्याचे साहेब सोमवारी फॅट बघायला येणार होते. चारच्या खाली आली तर अर्ज रद्द समजावा, हे वाक्य रामनाथनंच ऐटीत घातलं होतं.

शनिवारी कोटा उठला. मुंबईला दूध कमी पडायला लागलं म्हणे. गावानं हलगी वाजवायचीच बाकी ठेवली.

रविवारी पहाटे आई, चिमाबाई, गायीखाली बसली होती. शेजारी दहा लिटरची किटली.

"आई, आज मोठी किटली?"

"मंग! आता समदं घेत्यात. कोटा व्हता तवा पयली पातळ धार वासराला आन तुझ्या च्याला. शेवटची दाट धार डेअरीला. माप पाचाचं, पैसं फॅटचं. इतकं बी कळंना व्हय?"

रामनाथनं किटलीत डोकावून पाहिलं. "समदे असंच करत व्हते?"

"गावात तूच एक शिकलेला, बाबा. बाकीच्यांना ठावं व्हतं."

"आन माझी पावडर?"

"गाय तोंड लावंना तिला. पन भांडी लई झ्याक निघत्यात."

चार महिन्यांचा आलेख त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. दुसरा वर्ग मिळाला तोही तपासणाऱ्यांच्या दयेनं, असं त्याला प्रथमच वाटलं.

संस्थेचे चेअरमन रखमाजी त्याला डेअरीवर भेटले. त्यानं खरं ते सांगितलं.

"त्यात काय रडायचं राव?" रखमाजी म्हणाले. "उद्या साहेबाम्होरं तुझ्या गायीच्या शेवटच्या धारंची बाटली ठेव. टाकी गावाची, पाप आपल्या दोघांचं."

मग रामनाथनं डेअरीला दूध घालणाऱ्या सयाजीला गाठलं. "भाऊ, उद्याचा एक दिवस पाचच लिटर आना."

"सरकारनं चार म्हैनं गायीला कुलूप घातलं," सयाजी हसला, "आता उघडलं तर तू घालतो व्हय? अन् आज तर आमी तिला घोटभर पानी बी पाजलंय. थेट किटलीत!"

सोमवारी सकाळी साहेब खुर्चीवर बसले. दहा-बारा लिटरच्या एकतीस किटल्या मोठ्या कॅनांत रित्या झाल्या. रखमाजींनी धोतराच्या सोग्यातून एक बाटली हळूच पुढं केली. दूध पिवळसर, दाट. रामनाथनं तिच्याकडं पाहिलं. टाकी दिसली, शिवाय स्वतःचा फोटोही दिसला, तोही हारासकट. मग त्यानं बाटली परत सोग्यात सारली, प्रत्येक कॅन दांड्यानं दहा वेळा ढवळला, आणि सगळ्यांतलं थोडं थोडं दूध एकत्र करून नळीत भरलं.

"किती?" साहेबांनी पेन उघडलं.

रामनाथनं नळी उजेडाकडं धरली, एकदा पुसली, पुन्हा धरली.

दूध तीनशे बेचाळीस लिटर. फॅट तीन पॉइंट चार.