चुकीच्या बाजूचं प्लास्टिक

तेक्ला मावशी जानेवारीत वारली. पण गावाच्या मते ती वारली नाही, मरियम माउलीने तिला बोलावून घेतलं. तेव्हा तूर्त ती ठणठणीत आहे असं धरून चालू.

कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या युक्रेनी चर्चमध्ये डिसेंबरपासून रविवारी उभं राहायला जागा मिळेना. बाहेर उणे तीस, आणि दक्षिणेच्या भिंतीवर मरियममातेच्या तसबिरीखालून पाणी ठिबकतंय! ही भिंत गावचा सुतार स्लाव्को यानेच ऑक्टोबरात उघडून, थंडी अडवायला काचलोकर (ग्लासवूल) भरून बंद केली होती. आता तो बाटल्या भरत होता.

"माउलीचे अश्रू! गुडघे, साखर, सून, सगळ्यावर गुणकारी!"

"अश्रू तपकिरी कसे रे?" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दारका बाईंनी विचारलं.

"दुःख जुनं आहे, बाई."

मावशीने इन्सुलिन बंद केलं. मी भांडलो, तर म्हणाली, "अरे ओरेस्ट, ती माझ्यासाठी रडतेय आणि मी सुया टोचून घेऊ? तिला काय वाटेल?"

दर शनिवारी चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी परोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, पाण्यात उकडतात. दारका बाईंनी एक शनिवार हे उकडणं बंद ठेवायला लावलं. रविवारी माउली कोरडी.

"म्हणजे तिला बटाटे आवडतात," स्लाव्को म्हणाला.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांसमोर सुरीने भिंत कापली. आत चिंब काचलोकर, काळी बुरशी, आणि पार बाहेरच्या फळ्यांना लागून प्लास्टिक. त्यावर बोटभर बर्फ.

"थंड मुलुखात प्लास्टिक आतून, उबेच्या बाजूला लावतात. मग घरातली वाफ भिंतीत शिरत नाही. तू बाहेरून लावलंस! परोगींची वाफ आत शिरली, गार प्लास्टिकवर गोठली, रविवारी ऊन पडलं की वितळली."

"पाऊस बाहेरून येतो, बाई. रेनकोट काय शर्टाच्या आत घालता?"

टाळ्या पडल्या. स्लाव्कोला. सर्वांत जोरात मावशीच्या. त्यानंतर नवव्या दिवशी ती बेशुद्ध पडली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

भिंत रडली तर आधी भिंत उघडून बघा. सुई चालू ठेवून हात जोडले तरी चालतात.

सबब, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयास नम्र विनंती की, तेक्ला बॉयचुक यांच्या दाखल्यावरील 'मधुमेह' हे कारण खोडून तेथे 'प्लास्टिक बाहेरून लावले' अशी दुरुस्ती करावी. पुरावा म्हणून भिंतीचा तुकडा सोबत जोडला आहे. अजून ओला आहे.