छबूच्या हातचं माळवद

"जुनी माती खरवडू नगं गं दगडा! वरनं नवी टाक न् मोकळी हो," शेजारच्या माळवदावरून साखरबाई ओरडली.

दगडाबाईने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि कुदळीचा घाव आणखी जोरात घातला. वैशाख सरत आला होता. सणसर गावातल्या प्रत्येक माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पदर खोचलेल्या बाया दिसत होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर जो तो आपल्या घरावर खारी माती पसरतो. कालव्याच्या पाण्याने ज्या रानांचे चोपण झाले, जिथे ऊस सोडाच, गवतही धड उगवेना, तिथली ही माती. पिकाला नालायक, पण ओली करून चोपली की थेंब खाली उतरू देत नाही. जुन्या थरावर नवा थर, हीच रीत. जुना थर कोणी काढत नाही. दगडाबाई काढायला निघाली होती, कारण तो तिच्या सवतीने घातलेला होता.

सवत मेलेली होती. दगडाबाई या घरात यायच्या आदल्या साली छबू तापाने गेली. सवत मातीचीसुद्धा नको म्हणतात, ते काही उगाच नाही. जिवंत सवतीशी भांडता तरी येते. तिचे कालवण खारट झाले की चार बायांत हसता येते. मेलेल्या सवतीचे कालवण कधी खारट होतच नाही. वर रीतीप्रमाणे तिचा चांदीचा टाक दगडाबाईच्या गळ्यात आला होता. बिजवराशी लग्न केले की पहिलीची मूर्ती दुसरीने गळ्यात वागवायची, म्हणजे म्हणे ती त्रास देत नाही. दगडाबाई तो टाक उलटा घाली. छबूचे तोंड आत, सपाट पाठ बाहेर.

नवरा सावळाराम कालव्यावर पाटकरी होता. लोकांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायच्या, त्यामुळे बऱ्याच रात्री बाहेरच जायच्या. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणे नाही. खोड एकच. पावसात घरात कुठे गळले, की वर बघून म्हणायचा, "छबूच्या हातचं माळवद कवा गळलं न्हाय." आणि नाही गळले, तर म्हणायचा, "छबूच्या हातचं हाय, गळंल कसं?" म्हणजे गळले तर दगडाबाईचे आणि न गळले तर छबूचे. दगडाबाई दर साली उन्हात मातीच्या पाट्या वाहायची आणि नाव मात्र वर गेलेलीचे व्हायचे. तिचा नुसता जळफळाट होई.

म्हणून तिने यंदा ठरवले होते. छबूची माती पार खालपर्यंत काढून टाकायची, आपली घालायची. मग बघू कोणाच्या हातचे म्हणतो ते. लुगडे नको होते, डोरले नको होते. नवऱ्याच्या तोंडून एकदा, जिवंतपणी, "दगडाच्या हातचं माळवद" एवढे ऐकायचे होते.

मधल्या खणातली माती निघत आली, तुळयांवर अंथरलेल्या लाकडाच्या किलच्या दिसू लागल्या आणि कुदळ कशात तरी मऊ रुतली. तिने हाताने ओढले. चिंधीचा पिळा निघाला. करडईच्या तेलाचा वास येत होता, मोटेच्या कातड्याला लावतात त्याच तेलाचा. जवळच दुसरा निघाला, मग तिसरा. तिने एक उलगडला. हिरवे कापड, तांबडा काठ.

हे लुगडे तिने कधी पाहिले नव्हते, पण ऐकले इतक्यांदा होते की अंधारातही ओळखले असते. सावळारामने ते छबूला बारामतीच्या बाजारातून आणले होते. ती गेल्यावर ते सापडलेच नाही. "दिलं आसंल कुना गरिबाला," तो म्हणायचा. "मन लई मोठं हुतं तिचं."

"ह्ये बघा मोठं मन!" दगडाबाईने पिळे खाली अंगणात भिरकावले. "आत्याबाई, बघा तरी! नवऱ्यानं हौसंनं आनलेलं लुगडं मातीत घातलं टवळीनं!"

हाक ऐकून साखरबाई मधला कठडा ओलांडून आली. उघड्या किलच्यांतल्या भेगा तिने वाकून पाहिल्या आणि बोट घालून चाचपल्या.

"आसं हाय व्हय. भेगा बुजवल्या हुत्या तिनं," ती म्हणाली. "पावसाच्या राती भिंतीपल्याडनं भांड्यांचा आवाज यायचा बग. घागर म्हनू नगं, परात म्हनू नगं, सगळी मांडायची. सावळा कालव्यावर. त्यो सकाळी यायच्या आत ही भांडी उचलायची, भुई सारवून ठिवायची. मी एकदा इचारलं, तर गळ्याची आन घातली मला."

"म्हंजी तिच्या येळंलाबी गळत हुतं?"

"धो धो गळत हुतं."

दगडाबाईला हर्षाच्या उकळ्याच फुटल्या. "मग सांगितलं का न्हाय त्यास्नी? खाल्लं आसतं का काय?"

"खाल्लं नसतं गं." साखरबाई हसली, पण ते हसणे काही खरे नव्हते. "तवा त्येची आई जाऊन वरीस झालं हुतं. उठता-बसता ह्येचं एकच. आईच्या हातचं माळवद. आईच्या हातचं माळवद कवा गळलं न्हाय."

दगडाबाईच्या उकळ्या जागच्या जागी थिजल्या. इतकी वर्षे जिच्या नावाने ती बोटे मोडत होती, ती बाईही याच माळवदावर, याच उन्हात, कोणा तिसरीच्या नावाने जळत होती. तिला छबूची कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा रागही आला.

तेवढ्यात इंदापूरच्या बाजूने आभाळ गडगडले. बघता बघता वळीव चढून आला. मधला खण उघडा पडलेला, खाली जोंधळ्याची कणगी.

"आता गं?" साखरबाई घाबरली.

दगडाबाई शिडीवरून धडाधड खाली उतरली. अंगणातले पिळे गोळा केले, झटकले, घरातली तेलाची बुधली घेतली आणि पुन्हा वर आली. ज्या भेगेतला पिळा त्याच भेगेत, तेलात बुडवून, बोटांनी घट्ट ठासत गेली. शेवटी एक भोक उरले. ते तिच्याच कुदळीने पडले होते, त्याला छबूची चिंधी नव्हती. दगडाबाईने इकडेतिकडे पाहिले आणि नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला.

मग दोघींनी माती ओढली. साखरबाईने पाणी शिंपडायचे, दगडाबाईने धुमस घेऊन चोपायचे. पहिले टपोरे थेंब पाठीवर बसले तेव्हाही ती चोपतच होती.

वळीव तासभर कोसळून गेला. दिवेलागणीला सावळाराम भिजून आला. घोंगडे खुंटीला लावले आणि सवयीने वर पाहिले. मग कणगीला हात लावून पाहिला.

"बग, एवढा वळीव झाला, पर टिपूस न्हाय," तो म्हणाला. "छबूच्या हातचं माळवद हाय त्ये."

दगडाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळे ओठांवर आले. तुमच्या छबूचं लुगडं वर हाय, तुमची छबू रातभर भांडी मांडत हुती. एवढे बोलले असते तर छबू या घरातून कायमची गेली असती. मग उरले असते दगडाबाईचेच माळवद. तिने भाकरी तव्यात टाकली.

"व्हय," ती म्हणाली. "तिच्याच हातचं."

सावळाराम चुलीजवळ शेकायला बसला. उजेडात त्याची नजर तिच्या पदरावर गेली.

"लुगडं कशानं फाटलं गं?"

"कुदळीत आडाकलं."

"जपून वापरावं जरा," तो म्हणाला. "छबूनं कवा लुगडं फाडलं न्हाय."

दगडाबाईने मान खाली घातली. हसू येतेय की रडू, तिचे तिलाच कळेना. गळ्यातला टाक मातीने बरबटला होता. फाटक्या पदराने तिने तो पुसला, सुलटा केला आणि छबूचे तोंड बाहेर ठेवून दुसरी भाकरी थापायला घेतली.