टाकीने मान टाकली

वृद्धाश्रमामागच्या सांडपाण्याच्या टाकीवर तिची नेमणूक झाली तेव्हा आईने नातेवाइकांना "लेक पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच सांगितलं. काम असं होतं, की म्हातारी माणसं ढीगभर औषधं घेतात, त्यातली काही अंगाला लागतात आणि उरलेली लघवीवाटे गटारात, तिथून नदीत जातात. वाटेतच ती खाऊन टाकतील असे जंतू तिने टाकीत पाळले होते. प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्यांवर त्यांचा बुळबुळीत थर धरायचा. गुण येत होता. सांधेदुखीचं औषध टाकीतून बाहेर पडताना नावालाच उरायचं.

मग एका सकाळी टाकीने मान टाकली. ओल्या मातीचा वास जाऊन नासक्या अंड्यांचा येऊ लागला, आणि चकत्यांवरचा थर सालपटांसारखा सुटून वर तरंगला. तिने हवेचा पंप तपासला. तो साळसूदपणे चालू होता. शेवटी टाकीच्या तोंडावरची जाळी साफ करायला वाकली, तर जाळीत पिवळ्या गोळ्या. काही अर्धवट विरघळलेल्या, बऱ्याच अख्ख्या. जाळी चुकवून आत गेल्या त्या वेगळ्याच.

तिने एक गोळी चिमट्यात धरून नर्सला दाखवली.

"ही जंतू मारायची," नर्स म्हणाली. "वरच्या मजल्यावर जुलाबाची साथ आहे, म्हणून सगळ्यांना चालू केली. पण एकाचंही पोट थांबेना. डॉक्टरांनी हात टेकलेत."

"माझ्या टाकीतले जंतू मात्र पटापट मेले."

"म्हणजे औषधात दम आहे," नर्स म्हणाली.

वरच्या मजल्यावर तिचा सख्खा मामा राहत होता. उभा जन्म त्याने चहाच्या कंपनीत घोट घेऊन थुंकण्याची नोकरी केली होती, आणि त्याची जीभ हा घराण्यात आदराचा विषय होता. ती तरातरा त्याच्या खोलीत गेली.

"मामा, गोळ्या संडासात टाकतोस?"

"मी एकटा नाही," मामा म्हणाला. "सगळेच टाकतात. मी फक्त सुचवलं."

"पण का?"

"ती घेतली की तोंडात लोखंड येतं. चहा प्यावा तर खिळे चघळल्यासारखं. या वयात जिभेशिवाय माझ्याकडे राहिलंय काय?"

"अरे, टाकी मेली माझी! गिळलीस तर बरीचशी गोळी अंगात जिरते, उरलेली जंतू खातात. अख्ख्या गोळ्यांचा मारा केलात तर ते जगणार कसे?"

मामा विचारात पडला. "म्हणजे चव त्यांनाही आवडली नाही."

तो पाणी घ्यायला उठला आणि त्याने भिंत धरली. सदऱ्याच्या बाहीत हात काडीसारखा हलत होता. खोलीत शिरल्यापासून ती टाकीबद्दलच बोलत होती.

"पोट कधीपासून बिघडलंय?" तिने विचारलं.

"मोजायचं सोडून दिलंय."

तिने त्याला बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. मामाने तिच्याकडे फितूर माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि तोंडाची चव न घालवणारी दुसरी गोळी लिहून दिली. प्रत्येकाने गिळल्याशिवाय नर्स समोरून हलेना. पोटं थांबली.

टाकीला मात्र वेळ लागला. दुसऱ्या केंद्रातून जिवंत जंतूंच्या गाळाची पिंपं आणून तिने आत ओतली, तरी थर धरेना. मामा चालण्याचा व्यायाम म्हणून रोज खाली यायला लागला. यायचा, कठड्यावर वाकायचा, लांब श्वास घ्यायचा.

"आंबट," तो सांगायचा आणि परत जायचा.

"मामा, चव बघू नकोस हं," एकदा तिने बजावलं.

"मी निवृत्त झालोय," मामा म्हणाला.

एके दिवशी त्याने श्वास घेतला आणि "आंबट" म्हणायच्या ऐवजी पुन्हा एकदा घेतला. तिने घाईने एक चकती बाहेर काढली. कडेला तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता. तिला हुंदकाच फुटला.

"साधा माल आहे," मामा दुसरीकडे बघत म्हणाला, "पण खपेल."

दुसऱ्या दिवशी तो मजल्यावरच्या आणखी तिघांना घेऊन आला आणि त्यांना कठड्यापाशी ओळीने उभं केलं.

"आधी श्वास पूर्ण सोडा," तो म्हणाला. "मग घ्या. घाई नको."

ती आतून खुर्च्या आणायला गेली.